तिसरी तार

इ. स. १८७९ सालीं फ्रान्स देशांतील लिआँ शहरीं एका नाट्यगृहांत काम करणारा एक सुतार विजेच्या तारेस स्पर्श होऊन मरण पावला. माणसानें निर्माण केलेल्या विजेचा, नोंदींत सांपडणारा पहिला बळी म्हणून याच सुताराचा निर्देश केला जातो. त्या तारेंतील दाब सुमारें २५० व्होल्टांचा होता. आज महाराष्ट्रांतील घराघरांत दिवे व पंखे ज्या २३० व्होल्टांवर चालतात, त्याहून तो फारसा अधिक नव्हे. आकाशांतली वीज माणसाला मारते हें जगास पूर्वापार ठाऊक होतें. पण कडकडाट नाहीं, लखलखाट नाहीं, आणि कामावर उभा असलेला धडधाकट माणूस एका क्षणांत गतप्राण होतो, हा अनुभव नवा होता. पुढें कारागिराच्या हातीं जसजशी वीज येत गेली, तसतसा तिला आवरण्याचा विचारहि वाढत गेला. त्या विचाराचा इतिहास म्हणजे एका साध्या तारेचा इतिहास होय.

प्रारंभीं कारखान्यांतील यंत्रें जागचीं हलत नसत. छताखालीं लांबच लांब दांडा फिरे, त्यावरून चामडी पट्टे खालीं येत आणि काम यंत्रापाशीं न्यावें लागे. जर्मनींतील स्टुटगार्ट येथील फाइन या कारखान्यानें १८९५ सालीं हातांत धरून भोंकें पाडण्याचें विजेचें यंत्र, म्हणजे ड्रिल, तयार केलें आणि हा क्रम उलटला. आतां यंत्र कामापाशीं जाऊं लागलें. अमेरिकेंत ब्लॅक आणि डेकर या जोडीनें पिस्तुलासारखी मूठ व बोटानें दाबावयाचा घोडा असलेलें ड्रिल बनवून १९१७ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. हत्यार सुटसुटीत झालें. पण त्याबरोबर धोकाहि मुठींत आला.

हा धोका कसा उद्भवतो हें पाहण्यासारखें आहे. त्या काळच्या ड्रिलांचें अंग धातूचें असे. वीज आणणाऱ्या दोरींत दोन तारा असत. एकीनें प्रवाह येई, दुसरीनें परत जाई. तारांवरचें रबर व सुती वेष्टन ओढाताणीनें झिजे, विशेषतः दोरी जेथें यंत्रांत शिरते तेथें. प्रवाहाची तार उघडी पडून धातूच्या अंगाला टेंकली म्हणजे सगळें यंत्र विजेनें भारलें जाई. मौज अशी कीं, यंत्र मात्र पूर्ववत् चालूच राही. कोरड्या फळीवर उभ्या असलेल्या सुताराला थोड्या मुंग्या येत, आणि तो ‘जरा झटका मारतें’ म्हणून हंसण्यावारी नेई. तोच माणूस दुसऱ्या दिवशीं ओल्या फरशीवर उभा राहिला, किंवा त्याचा दुसरा हात पाण्याच्या नळाला लागला, तर तेंच यंत्र त्याचा प्राण घेई.

येथें फ्यूज उपयोगी पडत नाहीं काय? नाहीं. ओल्या शरीराचा विरोध सुमारें एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टांच्या दाबानें त्यांतून पाव अँपिअरहूनहि कमी प्रवाह वाहतो. पांच अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादहि लागत नाहीं. माणसाच्या हृदयाला मात्र एवढा प्रवाह पुरेसा होतो. फ्यूज हा तारेचा रक्षक आहे, माणसाचा नव्हे.

यावर अभियंत्यांनीं जो उपाय योजिला तो म्हणजे तिसरी तार. यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडलेली ही तार भूमीशीं संबंध ठेवते; आपल्याकडील कारागीर तिला ‘अर्थ’ म्हणतात. परंतु तिच्याविषयीं एक समजूत सर्वत्र रूढ आहे कीं, वीज जमिनींत मुरली म्हणजे संकट टळलें. केवळ जमिनीवर भरंवसा ठेवणें धोक्याचें आहे. मातीचा विरोध वीस ओहम असला, तर २३० व्होल्टांनीं त्यांतून साडेअकरा अँपिअर वाहतील. पंधरा अँपिअरचा फ्यूज तसाच राहील आणि यंत्रहि भारलेलेंच राहील. म्हणून वीज जेथून निघाली तेथें परत जाण्याचा धातूचा अखंड मार्ग तिला मिळाला पाहिजे. त्या मार्गाचा विरोध एक ओहम असेल, तर दोनशेंहून अधिक अँपिअरचा लोंढा वाहतो, फ्यूज तत्काळ जळतो आणि यंत्र निर्जीव होतें. तिसऱ्या तारेचें खरें काम विजेला गाडून टाकण्याचें नसून तिला झटपट चव्हाट्यावर आणण्याचें आहे.

तार आली, पण ती यंत्राबरोबर हिंडावी कशी? जर्मनींत आल्बर्ट ब्यूटनर यानें १९२६ च्या सुमारास असा प्लग काढला कीं, त्याच्या दोन्ही कडांवरील भूमिपट्ट्या प्रवाहाच्या खुंट्यांआधींच जोडल्या जात. अमेरिकेंत मिलवॉकी येथील फिलिप लाब्र यास १९२८ सालीं तीन खुंट्यांच्या प्लगाचें पेटंट मिळालें. घरमालकिणीची मांजर विजेचा पंखा पाडी व त्याचा धक्का मालकिणीस बसे, यावरून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. हिंदुस्थानांत ब्रिटिश पद्धतीचा तीन गोल खुंट्यांचा प्लग रूढ झाला. त्याची वरची खुंटी जाड व लांब असते. ती सर्वांआधीं आंत शिरते व सर्वांच्या मागून बाहेर पडते. रक्षक आधीं येतो आणि शेवटीं जातो.

तथापि या तारेचें दुर्दैव असें कीं, ती रोज कांहींच करीत नाहीं. ती तोडली तरी ड्रिल फिरतें, करवत कापते, सहाण घासते. १९४६ पासून अमेरिकेंत घरगुती कामासाठीं स्वस्त ड्रिलें विकलीं जाऊं लागलीं. पण घरोघरच्या भिंतींत दोनच भोंकांचे सॉकेट होते. तेव्हां लोकांनीं तिसरी खुंटी कापून टाकावी, किंवा मध्यें दोन खुंट्यांचा जोड घालावा, हें ओघानेंच आलें. नव्या कामांत तीन भोंकांचा सॉकेट सरसकट आवश्यक करणारा नियम तेथें १९६२ सालीं झाला. आपल्याकडेहि, सॉकेटांत खुंटी जात नाहीं म्हणून ती मोडणारे, किंवा उघड्या तारा आगपेटीच्या काड्यांनीं सॉकेटांत खोंचणारे हात अद्याप थांबलेले नाहींत.

जी तार माणूस स्वतः तोडतो तिच्यावर किती विसंबावें? या प्रश्नाला दोन उत्तरें मिळालीं. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनीं स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून, हातांत धरलेली तार किती प्रवाहापर्यंत सोडतां येते हें मोजलें. पुरुषांच्या बाबतींत ही मर्यादा सरासरीनें अँपिअरचा सोळा हजारांश आणि स्त्रियांच्या बाबतींत साडेदहा हजारांश निघाली. त्यापलीकडे स्नायू आंवळतात आणि मूठ उघडत नाहीं. याच ज्ञानाच्या आधारें १९६१ सालीं त्यांनीं एक उपकरण सिद्ध केलें. तें जाणारा व परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहतें; पांच हजारांश अँपिअरइतकी तूट दिसली कीं, सेकंदाच्या सुमारें चाळिसाव्या भागांत वीज तोडतें. ती तूट कोणाच्या देहांतून गेली याची तें चौकशी करीत बसत नाहीं.

दुसरें उत्तर हत्यारांतच सांपडलें. आंतील तारांच्या वेष्टनाबाहेर आणखी एक स्वतंत्र विद्युत्‌रोधक आवरण घालून यंत्राचें अंग प्लास्टिकचें केलें, म्हणजे तिसऱ्या तारेची गरजच उरत नाहीं. चौकोनांत चौकोन ही खूण अशा हत्यारांवर असते. मात्र पाण्यापुढें हें दुहेरी कवचहि हतबल ठरतें. म्हणून ब्रिटनमध्यें इमारतींच्या कामावर ११० व्होल्टांचीं हत्यारें वापरतात, आणि रोहित्राचा मध्यबिंदु भूमीस जोडून जमिनीच्या मानानें दाब अवघा ५५ व्होल्टांवर आणतात.

लिआँच्या त्या सुतारानंतर जे उपाय निघाले, त्यांतील प्रत्येकामागें असे कित्येक कारागीर उभे आहेत, ज्यांचीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नाहींत. तिसरी तार त्यांचीच ठेव आहे. हजार दिवस ती निरुपयोगी दिसते. एक हजार एकाव्या दिवशीं तिच्यावांचून घरीं परत येणें घडत नाहीं. प्लगाची जाड खुंटी मोडण्यासाठीं पक्कड उचलणाऱ्या हातानें तेवढा एक दिवस आठवावा.