फोटोग्राफीचा वर्ग, एल्फिन्स्टन, १८५५

इंदापूर तालुक्यात कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्या मागोमाग फोटोग्राफर. उजनीच्या फुगवट्यात होडी थांबते, आणि पाच मिनिटांत माणशी दोनतीनशे फोटो निघतात. तिथे एकदा बारामतीत शिकणारा एक मुलगा भेटला. त्याने विचारलं, “ताई, हे कॉलेजात शिकवायला आपल्याकडे कधी सुरुवात झाली?” तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितेय.

तर, मुंबईत १८५५ साली. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि ४० विद्यार्थी दाखल झाले. कॅमेऱ्याचा शोध जगजाहीर होऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी आदल्याच वर्षी स्थापन झालेली. शिकवायला होते डब्ल्यू. एच. एस. क्रॉफर्ड.

पण त्या काळी फोटोग्राफी शिकवायची म्हणजे नेमकं काय? मी रसायनशास्त्रवाली, त्यामुळे मला इथेच खरी गंमत वाटते. कागदी निगेटिव्ह चालत होत्याच, पण नवी पद्धत होती ओल्या कोलोडियनची. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती १८५१ मध्ये जाहीर केली. गनकॉटन ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात आयोडाइड घालायचं, ते काचेवर ओतून काच हलकेच तिरकी करत सगळीकडे सारखं पसरवायचं. मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं. काचेवर सिल्व्हर आयोडाइड तयार झालं की ती ओली असतानाच कॅमेऱ्यात, आणि ओली असतानाच परत अंधारात, डेव्हलप करायला. काच वाळली की खेळ खलास. सगळे मिळून दहापंधरा मिनिटं हातात. त्यात ईथर उकळतं साधारण ३५ अंशांना! मुंबईच्या मे महिन्यात हे अवघडच, आणि इंदापूरच्या एप्रिलात तर बाटलीचं बूच काढायचीही भीती. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडायची ती वेगळीच. म्हणजे फोटोग्राफीचा मास्तर आधी निम्मा रसायनवाला असणं भागच होतं.

म्हणूनच मुंबईच्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांत डॉक्टर दिसतात, याचं मला नवल वाटत नाही. भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. ते फोटोग्राफिक सोसायटीच्या कार्यकारी मंडळावरही होते.

क्रॉफर्डच्या वर्गातून नाव झालं ते हरिश्चंद्र चिंतामण यांचं. शिकून त्यांनी रँपार्ट रोला स्टुडिओ थाटला, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात फोटो मांडले. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पातही त्यांची छायाचित्रं गेली. १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेले ८ खंड, साडेचारशेहून जास्त फोटो, आणि प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जातीचा किंवा जमातीचा ‘नमुना’.

मला हा सगळ्यात बोचणारा भाग वाटतो. काच कशी ओतायची, प्रकाश किती द्यायचा, हे वर्गात शिकता आलं. समोरच्या माणसाला दहाबारा सेकंद न हलता बसवण्याचं कसब सरावाने आलं. पण छापताना खालचा मजकूर लिहिला साहेबांनी: अमुक जात कष्टाळू, तमुक बेभरवशाची. स्टुडिओत येणारा शेटजी पैसे मोजून आपल्याला हवा तसा बसायचा. खंडांत गेलेल्या माणसाला तशी सोय नव्हती. फोटो काढणारा मुंबईचाच असला तरी त्यात फरक पडला नाही. ‘एतद्देशीय फोटोग्राफर’ म्हणून त्याचं कौतुक करताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

स्वतःच्या नावाने लिहायचंच नाही असं मात्र हरिश्चंद्रांचं नव्हतं. १८७४ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, पण ते भगवद्गीतेवरच्या भाष्याचं! पुढे ते मुंबईच्या आर्य समाजाचे अध्यक्ष झाले आणि १८७९ मध्ये कर्नल ऑल्कट व मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला होते. थोड्याच दिवसांत पैशांच्या हिशोबावरून दोघांशीही बिनसलं.