सीपीयूमधून आवाज येतोय? पंखा की हार्ड डिस्क, असं ओळखा

अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचं घोडेगाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं. रस्त्याची धूळ आणि कांद्याची फोलपटं उडतात तिथल्या दुकानातला कॉम्प्युटर घरघरू लागला, तर नवल नाही. बहुतेकदा दोष पंख्याचा असतो. मशीन बंद करून, पाती धरून ब्रशने धूळ काढली की भागतं. पण आवाज हार्ड डिस्कचा असेल, तर बिलं, फोटो, उधारीचा हिशेब सगळंच धोक्यात असतं.

ओळखायला वर्तमानपत्राची नळी पुरते. कॅबिनेटचं झाकण काढून नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं एकेका भागाजवळ न्या. पंख्याच्या पात्यांत मात्र जाऊ देऊ नका. सुरू करताच घरघर आणि थोड्या वेळाने शांत, म्हणजे बहुधा पंख्याचं बेअरिंग झिजलंय. सलग टरटर असेल तर एखादी वायर पात्यांना लागतेय. गेम खेळतानाच येणारी बारीक शिट्टी ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची. कटकटीची, पण सहसा निरुपद्रवी.

डेस्कटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, त्यामुळे हलकी गुणगुण चालायचीच. मात्र ठरावीक अंतराने 'टक्... टक्' येत असेल, तर हेड डेटा वाचायला धडपडतंय. मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करून पाहू नका. महत्त्वाच्या फाइल्स आधी दुसरीकडे कॉपी करा. डिस्क दिसतच नसेल तर मशीन बंद ठेवून जाणकाराकडे द्या. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, तिथे ही भानगड नाही.

आवाज पॉवर सप्लायमधून येत असेल तर तो डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल एवढी वीज उरलेली असू शकते.