घरात काय शिजणार, हे नेमकं कोण ठरवतं?

डॉक्टर बाबांना सांगतात, मीठ कमी करा. बाबा मान डोलावतात. पण मिठाचा डबा त्यांच्या हातात असतो का? मुलुंड असो वा बोरिवली, बहुतेक घरांत तो आईच्याच हातात असतो.

अन्नाच्या वाटेवर बसलेल्या या व्यक्तीला अभ्यासक 'द्वारपाल' म्हणतात. ही कल्पना मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४३ मध्ये मांडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाचा तुटवडा होता. लोकांनी हृदय, गुर्दे असे नावडते भागही खावेत, अशी सरकारची इच्छा होती. लेविन यांचं म्हणणं सोपं होतं: ताटात आलेलं लोक बहुधा खातात, त्यामुळे ताटात काय येणार हे ठरवणाऱ्या गृहिणीशी बोला. बोला म्हणजे भाषण देऊ नका! भाषण ऐकलेल्यांपैकी फक्त ३ टक्के बायकांनी ते भाग घरी शिजवले. गटात चर्चा करून स्वतः ठरवलेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी.

आज अंधेरी-घाटकोपरच्या फ्लॅटमध्ये मात्र द्वारपाल एक नाही. भाजी सासूबाई निवडतात, किराणा सून लोकलमधून ॲपवर मागवते, तेल किती पडणार ते स्वयंपाकाच्या ताईंच्या हातावर. सगळे दमले की पोळी-भाजी केंद्र आहेच. डॉक्टरांचा सल्ला ताईंपर्यंत पोहोचतच नाही. त्यांना सांगितलं जातं ते एवढंच, "जरा चमचमीत करा."

द्वारपाल म्हणजे घरातली सत्ता, असं वाटत असेल तर तिचं ताट बघा. मेनू नवऱ्या-मुलांच्या आवडीचा, आणि उरलेली भाजी संपवायची तिने. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. कारणं अनेक आहेत, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणं हे त्यातलं एक.

आता बाबांचं मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी रोज ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. या हिशेबाने चौघांच्या घरात किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरायला हवी. बाहेरून आणलेलं लोणचं, पापड, फरसाण धरलं तर आणखी जास्त. पुढची पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहून ठेवा. आणि ती ताईंनाही दाखवा.