चित्र आणि वाक्य

बालकांस भाषा शिकवावयाची म्हणजे शब्दांच्या याद्या आणि व्याकरणाचे नियम मुखोद्गत करवून घ्यावयाचे, अशी युरोपांतील शाळांची सतराव्या शतकांतील वहिवाट होती. वस्तु न पाहतां तिचें नांव घोकणाऱ्या मुलास त्या वस्तूविषयीं स्वतःचें एक वाक्य रचणेंहि कठीण जाई.

या वहिवाटीस धक्का दिला तो मोराव्हियांत जन्मलेल्या कोमेनियस या निर्वासित शिक्षकानें. धर्मयुद्धामुळें त्याचा मायदेश सुटला. १६५६ सालीं पोलंडांतील लेश्नो शहर जळालें, तेव्हां त्याचीं अनेक वर्षांच्या श्रमांचीं हस्तलिखितें भस्म झालीं. त्यानंतर दोन वर्षांनीं, १६५८ सालीं, न्युरेंबर्ग येथें त्याचें ‘ऑर्बिस पिक्टस’ हें बालकांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत सुमारें १५० चित्रें असून प्रत्येकासोबत लॅटिन व जर्मन भाषांत सोपीं वाक्यें होतीं. लोहाराच्या चित्रांत भाता, ऐरण, सांडशी, हातोडा यांवर आंकडे घातलेले. वाक्यांतहि त्या त्या शब्दाशेजारीं तोच आंकडा. दृष्टि चित्राकडून शब्दाकडे जाई व वर्णनाचा क्रम आपोआप लागे. मुलांस हीं चित्रें स्वहस्तें काढूं द्यावीं, किंबहुना तसें उत्तेजन द्यावें, असेंहि प्रस्तावनेंत सांगितलें आहे. त्यानें लक्ष वस्तूकडे वळतें, अवयवांचें परस्पर प्रमाण कळतें आणि हातास सफाई येते.

पुढें स्वित्झर्लंडांत पेस्टालोझीनें लेखनाच्या आधीं रेखाटन शिकवावें असा आग्रह धरला. १८०० सालीं बुर्गडॉर्फ येथें त्याच्याकडे आलेल्या रामसाउएर या विद्यार्थ्यानें आपल्या आठवणी लिहून ठेविल्या आहेत. पेस्टालोझी सृष्टिविज्ञानाचीं वाक्यें उच्चारी आणि मुलें तांबड्या खडूनें पाटीवर चित्रें काढीत. परंतु काय काढावयाचें हें कोणीं सांगितलेलें नसे. कोणी माणसें काढी, कोणी घरें, कोणी नुसत्या रेघा. तें काम गुरु पाहतहि नसे. मुलांच्या बाह्यांवर मात्र खडूचा रंग दिसे! उलट, भिंतीवरील जुन्या फाटक्या आच्छादनाकडे बोट दाखवून काय दिसतें असें तो विचारी, तेव्हां वर्ग निराळाच होई. मुलें प्रथम भोंक आहे एवढेंच सांगत. मग तें लांबट असल्याचें, मग त्यामागें भिंत दिसत असल्याचें. एकेका निरीक्षणानें वाक्य वाढत जाई. सर्व शिक्षणांत हे भाषापाठच उत्तम होते, असा त्याच विद्यार्थ्याचा अभिप्राय आहे.

महागड्या चित्रफलकांपेक्षां फाटक्या भिंतीनें अधिक शिकवावें, याचें कारण उघड आहे. हात एकीकडे आणि वाणी दुसरीकडे गेली, तर चित्रकला व भाषा हे दोन्ही विषय शेजारीं बसूनहि परकेच राहतात. वस्तु एकच असावी. ती मुलानें डोळे भरून पाहावी, हातानें रेखाटावी आणि मग तिच्याविषयीं बोलावें. रेखाटतांना जें सुटलें तें बोलतांना आठवतें, आणि बोलतां न आलेलें पाहण्यास मूल पुन्हां वस्तूकडे वळतें. वर्णनपर लेखनाचा आरंभ त्या वळण्यांत आहे.