पाइप गॅस आल्यावर शेगडीचं जेट का बदलतात? आणि सिलेंडरवर परतताना काय विसरू नये?

मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये घरात पाइपचा गॅस सुरू होतो, त्या दिवशी एक छोटंसं काम होतं. तंत्रज्ञ नळी जोडतो, शेगडी उघडतो आणि बर्नरखालचा पितळेचा एक बारीक भाग बदलतो किंवा त्याचं भोक मोठं करून देतो. या भागाला जेट किंवा नोझल म्हणतात.

काम काही मिनिटांत होतं आणि घरातले ते विसरूनही जातात. पुढे घर बदलतं, शेगडी गावी पाठवली जाते किंवा सेकंड हँडमध्ये विकली जाते. तिथे ती पुन्हा सिलेंडरला जोडली जाते. धोका सुरू होतो तो इथे.

जेट नेमकं काय करतं?

शेगडीचं बटण फिरवलं की गॅस जेटच्या बारीक भोकातून वेगाने बाहेर पडतो आणि समोरच्या नळीत शिरतो. त्या वेगामुळे आजूबाजूची हवाही आत ओढली जाते. गॅस आणि हवा मिसळून बर्नरपर्यंत जातात आणि तिथे पेटतात.

म्हणजे किती गॅस जाणार हे जेटचं भोक ठरवतं. बटणाने गॅस कमी करता येतो, पण जेटच्या मर्यादेपेक्षा जास्त सोडता येत नाही.

दोन्ही गॅस वेगळे कसे?

सिलेंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. पाइपने येणारा पीएनजी मुख्यतः मिथेन असतो. फरक तीन आहेत:

• उष्णता: तेवढ्याच आकारमानाच्या पीएनजीपेक्षा एलपीजी वायू जळल्यावर साधारण अडीचपट उष्णता देतो.
• दाब: घरगुती शेगडीला एलपीजी सुमारे ३० मिलिबार दाबाने मिळतो, तर पीएनजी सुमारे २१ मिलिबारने.
• हवा: १ लिटर मिथेन पूर्ण जळायला साधारण १० लिटर हवा लागते. १ लिटर प्रोपेनला २४ आणि ब्युटेनला ३१ लिटरच्या आसपास.

म्हणून तेवढीच आच हवी असेल तर पीएनजी जास्त सोडावा लागतो. ढोबळ हिशेबाने पीएनजीच्या जेटच्या भोकाचं क्षेत्रफळ एलपीजीच्या जेटपेक्षा पावणेदोनपटीच्या आसपास लागतं. व्यासात हा फरक जेमतेम एक तृतीयांश असतो. त्यामुळे दोन्ही जेट हातात घेतले तरी नुसत्या नजरेला फरक पटकन कळत नाही.

चुकीचं जेट असेल तर काय होतं?

एलपीजीचं जेट पीएनजीवर वापरलं तर ज्योत बारीक राहते. कुकरची शिट्टी उशिरा होते, पोळी नीट फुगत नाही. त्रास होतो, पण माणूस लगेच मेकॅनिकला बोलावतो.

उलटं झालं तर प्रकरण गंभीर असतं. पीएनजीसाठी मोठं केलेलं जेट सिलेंडरला जोडलं तर गरजेपेक्षा पावणेदोनपट गॅस येतो आणि त्याला पुरेल एवढी हवा मिळत नाही. ज्योत पिवळी, उंच आणि डुलणारी होते. भांड्यांना काजळी धरते, सिलेंडर लवकर संपतो. शिवाय अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो वास येतो, तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत तसा इशारा मिळत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ अशी लक्षणं दिसतात आणि अनेकदा ती ॲसिडिटी समजून सोडून दिली जातात.

ज्योत पाहून काय ओळखाल?

• निळी आणि स्थिर: सगळं ठीक.
• पिवळी, भांडं काळं करणारी: गॅस जास्त किंवा हवा कमी. जेट चुकीचं असू शकतं किंवा हवेचा मार्ग कचऱ्याने बुजलेला असू शकतो.
• एकाच बर्नरची ज्योत बारीक: त्या बर्नरचं जेट किंवा छिद्रं तुंबलेली असू शकतात.
• ज्योत बर्नरपासून सुटून वर उचलली जाणं: हवेचं प्रमाण किंवा गॅसचा दाब तपासायला हवा.

वरण उतू गेल्यावर ज्योत थोडा वेळ केशरी दिसते. ते मिठातल्या सोडियममुळे. बर्नर पुसल्यावरही रंग तसाच राहिला, तर मात्र दाखवून घ्या.

टाचणीने भोक साफ केलं तर?

करू नका. पितळ मऊ असतं. १ मिलिमीटरचं भोक १.१ मिलिमीटर झालं, तरी क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि तेवढाच गॅस जास्त जातो. भोक वेडंवाकडं झालं तर गॅसची धार तिरकी जाते आणि हवा नीट ओढली जात नाही. बर्नरची वरची टोपी घरी धुता येते. जेट तुंबलं असेल तर ते मेकॅनिककडून बदलून घेणं चांगलं.

जेट बदलताना काय पाहाल?

१. जेट तुमच्या गॅससाठी आणि तुमच्याच मॉडेलचं हवं. लहान आणि मोठ्या बर्नरची जेट वेगळी असतात.
२. ड्रिलने भोक वाढवण्यापेक्षा कंपनीचं तयार जेट मागा. काही हॉबसोबत दोन्ही गॅसची जेट येतात, ती पाकिटं जपून ठेवा.
३. काढलेली जुनी जेट मागून घ्या आणि नाव लिहून ठेवा.
४. काम झाल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासायला सांगा. काडी पेटवून कधीच नाही.
५. सगळे बर्नर मंद आणि मोठ्या आचेवर पेटवून पाहा.

नवी शेगडी घ्यायची असेल तर आयएसआय खूण आणि गॅसचा प्रकार दोन्ही पाहा. एलपीजी शेगडीसाठी आयएस ४२४६ हे मानक आहे. पीएनजीसाठीच बनवलेल्या शेगड्याही मिळतात. त्यांचा बर्नर त्या गॅससाठीच बनवलेला असल्याने नुसतं जेट बदललेल्या शेगडीपेक्षा त्या गॅस कमी वाया घालवतात.

गॅस गिझरचं काय?

एलपीजी आणि पीएनजीचे गिझर वेगळे असतात. त्यात स्थानिक पातळीवर भोक मोठं करण्याचा प्रयोग अजिबात नको. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड फार वेगाने साचतो. गॅस बदलत असेल तर गिझर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

लक्षात ठेवा

शेगडी दुसऱ्या घरी जात असेल तर ती कोणत्या गॅसवर चालत होती, हे मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून लिहा. सेकंड हँड शेगडी घेत असाल तर हाच प्रश्न आधी विचारा. एलपीजी गळतीची शंका आली तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. पीएनजी असेल तर मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा. आपत्कालीन क्रमांक तुमच्या बिलावर छापलेला असतो, तो आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा.