मुलांमधील स्ट्रोक आणि त्याविषयीची जनजागृती

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक तुटणे किंवा मेंदूत रक्तस्राव होणे म्हणजे स्ट्रोक. हा आजार म्हातारपणाचा, ही समजूत घराघरांत पक्की आहे. प्रत्यक्षात तो आईच्या पोटातल्या गर्भालाही होतो. गर्भावस्थेच्या २०व्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या २८व्या दिवसापर्यंतचा तो प्रसूतिकालीन स्ट्रोक आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंतचा बालवयातला, अशी वैद्यकात विभागणी आहे. मोठ्या माणसांत गुठळी अडकून होणारे स्ट्रोक बहुसंख्य असतात. मुलांत जवळपास निम्मे रक्तस्रावाचे असतात.

वैद्यकाला हे नवे नाही. विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली मुलांच्या मेंदूजन्य पांगळेपणावर पुस्तक लिहिले. १८९१ साली व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी ऑस्कर री यांच्यासोबत मुलांच्या अर्धांगावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मनोविश्लेषणाकडे वळण्याआधी फ्रॉइड मज्जाविकारांचे डॉक्टर होते. त्या काळी निदान झाले तरी हाती उपाय नव्हता. आज उपाय आहेत, पण ते तासांच्या हिशोबावर चालतात आणि नेमके तेच तास वाया जातात.

किती तास? टोरांटोच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी २००९ साली याचा हिशोब मांडला. गुठळीचा स्ट्रोक झालेल्या मुलांत पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंतचा मध्यक काळ पावणेतेवीस तासांच्या आसपास निघाला. त्यात रुग्णालय गाठायला लागलेला मध्यक वेळ पावणेदोन तासांच्या घरातला, तर रुग्णालयाच्या दारातून आत आल्यावर निदान होईपर्यंतचा पावणेतेरा तासांच्या घरातला. आईबापांनी धावपळ केली होती. उशीर झाला तो बहुतांशी दवाखान्यात. म्हणून या विषयावरची जनजागृती फक्त पालकांपुरती ठेवणे चूक आहे. कॅज्युअल्टीतला निवासी डॉक्टर, गावातला फॅमिली डॉक्टर, शाळेतल्या बाई या सगळ्यांपर्यंत ती पोचली पाहिजे.

उशिराला कारणेही तशी आहेत. मुलात आकडी येऊन गेल्यावर काही काळ हात किंवा पाय लुळा राहतो. अर्धशिशीत शब्द अडखळतात. चेहऱ्याच्या नसेला सूज आली की तोंड वाकडे होते. हे आजार स्ट्रोकपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतात, त्यामुळे डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जाते. शिवाय पहिल्या काही तासांतला सीटी स्कॅन गुठळीच्या स्ट्रोकमध्येही साफ दिसू शकतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्यावर विषय संपत नाही. एमआरआय लागतो, आणि लहान मूल त्या यंत्रात स्थिर राहत नसल्याने भूल देणारे डॉक्टरही लागतात.

चेहरा एका बाजूला झुकणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही मोठ्यांची तीन लक्षणे मुलांनाही लागू पडतात. मात्र मुलांत त्यांच्या जोडीला, कधी त्यांच्याही आधी, आकडी येते. अचानक आणि असह्य डोकेदुखी, उलट्या, तोल जाणे, एका बाजूचे दिसेनासे होणे हीसुद्धा लक्षणेच. नवजात बाळात पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीराच्या एकाच बाजूला येणारे झटके ही बहुधा एकमेव खूण असते. तीही नसली तर पुढे चार-सहा महिन्यांनी बाळ एकच हात पुढे करते, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच राहते. घरात कौतुकाने म्हणतात, ‘डावखुरा निघाला!’ पहिल्या वाढदिवसाआधी मूल ठामपणे एकाच हाताचे झाले तर कौतुक करून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणखी एक फसवे चित्र मोयामोया या आजाराचे. जपानमध्ये १९५७ साली प्रथम वर्णन झालेल्या या विकारात मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होत जातात. मूल जोरजोरात रडले किंवा गरम खाऊ फुंकून खाऊ लागले की भराभर श्वासोच्छ्वासामुळे मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटतो, हात काही मिनिटे लुळा पडतो आणि मग आपोआप सावरतो. हट्ट, नाटक, अशक्तपणा म्हणून ते सोडून दिले जाते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर मोठा स्ट्रोक टाळता येतो.

भारतात कारणांची यादी पाश्चात्त्य देशांपेक्षा थोडी वेगळी पडते. जन्मजात हृदयविकार दोन्हीकडे आहेच. आपल्याकडे क्षयरोगाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस बाळाला या गंभीर क्षयापासून बऱ्याच अंशी वाचवते. कांजिण्यांनंतर काही महिन्यांत होणारा स्ट्रोकही बालरोग विभागांच्या ओळखीचा आहे. रक्तातले लोह कमी असणे, जुलाबांतून पाणी कमी होणे याही जोखमीच आहेत. हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१४ साली लक्ष वेधलेला प्रकार तर प्रत्येक घराने माहीत करून घ्यावा असा आहे: रांगत्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या बाळाला पलंगावरून किरकोळ पडल्यानंतर एका बाजूचा लुळेपणा येतो. मेंदूच्या खोल भागातील बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलेले या बाळांत आढळते. यातली बहुतेक बाळे चांगली सावरतात, पण ‘पडल्यामुळे हात दुखतोय’ म्हणून तेल चोळत बसण्यात दिवस जाऊ नयेत. ‘अंगावरून वारं गेलं’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ म्हणून आधी अंगारा लावला जातो, तेव्हाही वेळच जातो.

जनजागृतीच्या उपयोगाचा सर्वांत मोठा पुरावा मिळतो तो सिकलसेलमध्ये. या रक्तविकारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. अमेरिकेतील जुन्या पाहणीनुसार, प्रतिबंध केला नाही तर तिथल्या सुमारे ११ टक्के रुग्णांना विशीच्या आत स्ट्रोक येत असे. कवटीवरून डॉप्लर यंत्राने रक्ताचा वेग मोजला तर धोका आधीच कळतो, हे रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्या गटाने दाखवले. वेग जास्त असलेल्या १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त देण्यात आले. १९९८ साली निकाल प्रसिद्ध झाला: रक्त न दिलेल्या गटात ११ स्ट्रोक, दिलेल्या गटात एक. पुढे २०१६ साली, काही काळ रक्त दिल्यानंतर योग्य त्या मुलांना हायड्रॉक्सीयुरिया या गोळीवर आणता येते, हेही सिद्ध झाले.

हे महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल ठाऊक नाही असे गाव विरळा. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकून राहत असल्याने स्ट्रोकचे प्रमाण आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी दिसते. कमी म्हणजे शून्य नव्हे. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि ७ कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे उद्दिष्ट ठरले. तपासणीत मूल रुग्ण निघाले, तर पालकांनी पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: ‘डोक्याचा डॉप्लर कधी करायचा?’ दोन ते सोळा वर्षांच्या मुलांत तो दरवर्षी करावा, अशी शिफारस आहे.

स्ट्रोक झाल्यावर गुठळी विरघळवणारे औषध मुलांना द्यावे का, हे ठरवण्यासाठी अमेरिकेत ‘टिप्स’ नावाची चाचणी हाती घेतली गेली. पुरेशी मुले वेळेत न मिळाल्याने ती डिसेंबर २०१३ मध्ये बंद पडली. तरीही तिने एक मोठे काम केले. सहभागासाठी रुग्णालयांना चोवीस तासांचे स्ट्रोक पथक आणि एमआरआयची सोय उभारावी लागली. आधी अशी व्यवस्था पाव केंद्रांतही नव्हती, तयारीनंतर ती ८० टक्क्यांहून अधिक केंद्रांत उभी राहिली. निवडक मुलांत तारेने गुठळी ओढून काढण्याचे उपचारही आता होतात. २०२० साली युरोप-अमेरिकेतील अशा ७३ मुलांचे अनुभव एकत्र प्रसिद्ध झाले.

पालकांच्या संघटनांनी हा विषय लोकांसमोर आणला. अमेरिकेत १९९६ पासून अर्धांग व स्ट्रोक झालेल्या मुलांच्या कुटुंबांची संघटना काम करते आणि मे महिना तिथे बालस्ट्रोक जागृतीचा मानला जातो. जागतिक स्ट्रोक दिन २९ ऑक्टोबरला असतो. त्या दिवशीच्या फलकांवर मुलाचा चेहरा आजही अपवादानेच दिसतो. भारतात वेगळी यंत्रणा उभारण्याची वाट पाहायची गरज नाही. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जातातच; हृदयविकार आणि हालचालींतील दोष त्यांच्या तपासणीत आहेत. एका हाताची मिटलेली मूठ अंगणवाडीताईंच्याही नजरेस पडू शकते.

लक्षण दिसताच १०८ला फोन करावा, मुलाला कुशीवर झोपवावे, तोंडाने पाणी, खाऊ, गोळी काहीही देऊ नये. मूल शेवटचे व्यवस्थित कधी दिसले ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टरांना थेट विचारावे, ‘हा स्ट्रोक असू शकतो का?’

‘लहान आहे, भरून निघेल’ हे सांत्वन अर्धेच खरे. मुलाचा मेंदू नवे मार्ग शोधतो, तरी निम्म्याहून अधिक मुलांत काही ना काही उणीव राहते. चांगल्या हाताला रोज काही तास मोजा घालून दुबळ्या हाताला कामाला लावणे, ही सिद्ध झालेली उपचारपद्धती आहे. न दिसणाऱ्या उणिवा अधिक छळतात: लक्ष लवकर उडणे, थकवा, शब्द न आठवणे. वर्गात याला आळस म्हटले जाते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी (मेंदूजन्य पांगळेपण) आणि सिकलसेल दोन्ही येतात. प्रमाणपत्र मिळाले की परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मागता येते.