नोकरकपातीचं थेट प्रक्षेपण

ग्रामोफोनच्या कर्ण्यात कान लावून बसलेला कुत्रा मराठी घरांतही ओळखीचा होता. नाट्यगीतांच्या तबकड्यांवर तोच असायचा. त्याच चिन्हाचं एचएमव्हीचं पहिलं दुकान 1921 मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उघडलं, संगीतकार एडवर्ड एल्गार यांच्या हस्ते. पुढे डाउनलोड आले, ऑनलाइन विक्री आली, सुपरमार्केटांनी सीडी स्वस्तात विकायला काढल्या. 15 जानेवारी 2013 रोजी कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. चार हजारांहून अधिक नोकऱ्या टांगणीला लागल्या.

31 जानेवारीला कंपनीच्या अधिकृत ट्विटर खात्यावर भलतंच काही दिसू लागलं. आम्ही मनुष्यबळ विभागातून थेट बोलतोय, साठहून अधिक जणांना एकदम काढलं जातंय, असं तिथे लिहिलेलं. हॅशटॅगमध्ये चक्क ‘एक्स फॅक्टर’ या टीव्हीवरच्या गायनस्पर्धेची टर होती. ‘ट्विटर बंद कसं करायचं?’ असं मार्केटिंगचे संचालक विचारत असल्याची वर्दीही त्याच खात्यावरून जगाला मिळाली.

ट्विट पुसली गेली, पण तोवर लोकांनी त्यांची छायाचित्रं घेऊन ठेवली होती. त्या दिवशी 190 जणांच्या कपातीची अधिकृत घोषणा झाली.

लिहिणारी तरुण कर्मचारी नंतर स्वतःच्या खात्यावरून पुढे आली. समाजमाध्यमांचं महत्त्व वरिष्ठांना पटवायचा प्रयत्न आपण कधीपासून करत होतो, असं तिचं म्हणणं. यात खरी मेख आहे! कंपनीचं हे खातं मुळात एका प्रशिक्षणार्थीने उघडलेलं. किल्ली कोणाकडे आहे, याची चौकशी वरिष्ठांना आग लागल्यावर सुचली.

एप्रिलमध्ये हिल्को कंपनीने 141 दुकानं विकत घेऊन वाचवली.